ताऱ्याचा चुंबक मोजतात तरी कसा? हेलियमच्या एका रेषेपासून सुरुवात

२०२४ साली एक बातमी पेपरांतून आणि व्हॉट्सॲपवरून भरपूर फिरली. उत्तर मुकुट तारकासमूहात लवकरच ‘नवा तारा’ दिसणार म्हणे. टी कोरोनी बोरियालिस नावाचा हा तारा १८६६ मध्ये आणि नंतर १९४६ मध्ये एकाएकी भडकला होता, तेव्हा ऐंशी वर्षांच्या हिशेबानं आता पुन्हा पाळी. काहींनी सप्टेंबर महिनाही सांगून टाकला. सप्टेंबर गेला, वर्ष संपलं, तारा जिथल्या तिथं.

भाकितं चुकतातच, त्यात विशेष काही नाही. मला त्यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांवरचा एक ठिपका. त्यात एक नसून दोन तारे आहेत, एक दुसऱ्याचा वायू ओढतोय, ओढलेला वायू साठत साठत पेट घेणार, हे सगळं कुणी कशाच्या जोरावर सांगतं?

वर्णपटाच्या जोरावर. ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरवून पाहिला की जे मिळतं ते. आणि वर्णपटातून किती काय काढता येतं हे पाहायचं असेल, तर या ताऱ्याच्या भावकीतली एक विक्षिप्त शाखा बघावी. या शाखेत वायू ओढणारा तारा स्वतः एक प्रचंड चुंबक असतो.

दोन तारे, एकाचं दुसऱ्यावर पोसणं

सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की बाहेरचे थर निघून जातात आणि आतला गाभा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. वस्तुमान सूर्याच्या आसपास, आकार मात्र पृथ्वीएवढा. (अशा ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे जाऊ शकत नाही, हे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी विशीतच मांडलं होतं.) या श्वेत बटूच्या अगदी लगत एक लाल, थंड, हलका तारा फिरत असतो.

लगत म्हणजे किती? एएम हर्क्युलिस हे या शाखेतलं मूळ उदाहरण घेऊ. शौरी तारकासमूहातली ही जोडी एकमेकांभोवतीची पूर्ण फेरी ३ तास ६ मिनिटांत मारते. पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन मुंबईला पोचेपर्यंत तिकडं एक ‘वर्ष’ झालेलं असतं. दोघांतलं अंतर जेमतेम साडेसात लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या दुप्पट. सगळी जोडी सूर्याच्या पोटात मावेल.

इतक्या जवळ आल्यावर लाल तारा श्वेत बटूच्या ओढीनं त्याच्या बाजूला ताणला जातो आणि त्या टोकातून वायू निसटून पलीकडं जायला लागतो. अशा जोड्यांना कॅटॅक्लिज्मिक व्हेरिएबल म्हणतात. त्या एकाएकी उजळतात, मंदावतात. यापुढं मी नुसतं ‘सीव्ही’ म्हणेन. टी कोरोनी बोरियालिसमध्ये या हलक्या लाल ताऱ्याच्या जागी एक फुगलेला राक्षसी तारा आहे आणि फेरीला सुमारे २२७ दिवस लागतात, त्यामुळे ती भावकी जरा लांबची.

मध्ये चुंबक आला की

निसटलेला वायू श्वेत बटूवर सरळ पडत नाही. जोडी फिरती असल्यामुळे वायूलाही आडवा वेग असतो. तो श्वेत बटूभोवती गरगरत राहतो, त्याची चपटी तबकडी तयार होते आणि तिच्यातून हळूहळू आत सरकत तो पृष्ठभागावर पोचतो. साध्या सीव्हीत असंच चालतं.

श्वेत बटू चुंबकीय असेल तर हे चित्र पार बदलतं. वॉशिंग मशीनची नळी मोरीत नुसती सोडली तर पाणी जाळीभोवती गरगरत जातं, पण तीच नळी जाळीच्या आत खुपसली की गरगर बंद, पाणी थेट खाली. इथं नळीचं काम चुंबकीय रेषा करतात. तापलेला वायू विद्युतभारित असतो. असा वायू चुंबकीय रेषा ओलांडून सहजी जाऊ शकत नाही, रेषेच्या बाजूनं मात्र घसरत जाऊ शकतो. मग तो रेषा धरून थेट श्वेत बटूच्या चुंबकीय ध्रुवाशी उतरतो. उतरतो म्हणजे आदळतो. सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगानं येऊन पृष्ठभागाजवळ एकदम अडतो आणि तापमान दहा कोटी अंशांच्या घरात जातं. तिथून क्ष-किरण निघतात.

चुंबक किती जोरदार आहे यावरून या ताऱ्यांचे दोन गट पडतात. क्षेत्र एक कोटी गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त असेल तर तबकडी बनतच नाही, आणि श्वेत बटू जोडीदाराशी जणू कुलूपबंद होतो. जितक्या वेळात फेरी, तितक्याच वेळात त्याची स्वतःभोवतीची गिरकी. यांना पोलर म्हणतात. क्षेत्र त्याहून कमी असेल तर तबकडी बनते पण आतून कुरतडलेली, आणि श्वेत बटू स्वतःच्या चालीनं भराभर फिरतो. हे इंटरमीडिएट पोलर. १९३४ च्या डिसेंबरात नवतारा म्हणून गाजलेला डीक्यू हर्क्युलिस यातलाच. त्याच्या प्रकाशात दर ७१ सेकंदांनी एक हलकी थरथर येते.

गॉसचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पृथ्वीचं क्षेत्र एका गॉसच्या निम्म्याच्या आसपास आहे. दवाखान्यातलं नेहमीचं एमआरआय यंत्र १५,००० गॉसचं असतं. माणसानं प्रयोगशाळेत सतत टिकवून ठेवलेलं सर्वांत मोठं क्षेत्र साडेचार लाख गॉसच्या आसपास जातं. एएम हर्क्युलिसचं क्षेत्र आहे सुमारे १ कोटी ४० लाख गॉस, आणि एआर अर्से मेजॉरिस या ताऱ्याचं तर वीस कोटींच्याही वर. अशा क्षेत्रात अणू कसे वागतात, वायू कसा वाहतो हे पाहायला आपल्याजवळ दुसरी जागा नाही.

मोठ्या दुर्बिणीनं फोटो का काढत नाहीत?

काढतात की, पण त्यात ठिपकाच येतो. एएम हर्क्युलिस साधारण २८५ प्रकाशवर्षांवर आहे. त्यातले दोन तारे वेगळे दिसायचे तर पुण्यात बसून दिल्लीतली, एका मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढी वस्तू ओळखता यायला हवी. पेपरात बातमीशेजारी छापून येतं ते लाल गोळा, निळी तबकडी आणि मधला झोत असलेलं देखणं चित्र चित्रकाराचं असतं. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण ते वाचतो कोण!

खरा पुरावा म्हणजे एक ओबडधोबड आलेख असतो.

त्या आलेखात काय दिसतं

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या पठारावर २००६ पासून आयुकाची, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची, दोन मीटर आरशाची दुर्बीण उभी आहे. तिच्या मागच्या टोकाला वर्णपट घेणारं उपकरण बसवता येतं. आरशावर गोळा झालेला प्रकाश एका अरुंद फटीतून आत घेतात, लोलक आणि बारीक रेघांची जाळी यांच्या मदतीनं तो रंगांत पसरवतात आणि पसरलेली पट्टी कॅमेऱ्यानं टिपतात. मग कुठल्या रंगात किती प्रकाश, याचा आलेख काढतात. रंग सांगायचा तो तरंगलांबीनं, नॅनोमीटरमध्ये. निळा साडेचारशेच्या आसपास, लाल साडेसहाशेच्या पुढं.

बहुतेक साध्या ताऱ्यांच्या आलेखात खड्डे असतात, कारण बाहेरचे थर ठरावीक रंग गिळतात. पोलरच्या आलेखात उलट सुळके दिसतात. ६५६.३, ४८६.१ आणि ४३४.० ला हायड्रोजनचे, ५८७.६ ला हेलियमचा. तापलेला विरळ वायू स्वतःच चमकतोय, म्हणून सुळके. एवढं तर साध्या सीव्हीतही दिसतं. अभ्यासकाची नजर पहिल्यांदा जाते ती ४६८.६ वर. तिथला सुळका उंच असेल, शेजारच्या ४८६.१ च्या हायड्रोजनशी टक्कर देत असेल, तर हा चुंबकीय निघणार असा संशय बळावतो. ढोबळ नियम असा की हायड्रोजनची ती रेषा स्वतः ठसठशीत हवी आणि ४६८.६ ची ताकद तिच्या चाळीस टक्क्यांहून जास्त हवी.

ही ४६८.६ ची रेषाही हेलियमचीच, पण वेगळ्या अवस्थेतल्या. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. ही रेषा उमटायला आधी दोन्ही उडवावे लागतात, मग त्यातला एक परत येऊन बसताना हा प्रकाश देतो. दुसरा इलेक्ट्रॉन उडवायला ५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे हायड्रोजनचा एकुलता एक उडवायला लागते त्याच्या चौपट. साधी तबकडी एवढी तापट किरणं सहसा भरपूर देत नाही. ध्रुवावर आदळणारा वायू देतो. ती किरणं वरून येणाऱ्या झोतावर पडतात आणि झोतातला हेलियम ४६८.६ ला चमकतो.

नियम शंभर टक्के नाही. चुंबक नसलेल्या काही सीव्हीतही ही रेषा जोरात दिसते. म्हणून तिच्यावर भागत नाही, पुढचा पुरावा शोधावा लागतो.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घेतो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशावरून गेलं. गुंटूरला आलेल्या फ्रेंच ज्यूल्स जॅन्सननं सूर्याच्या कडेवरच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जागी नेमकी बसत नव्हती, आणि ती ५८७.६ ची रेषा म्हणजेच हेलियम. कोकणात विजयदुर्गावर या ग्रहणाची आठवण अभिमानानं सांगतात. त्यात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर स्वतः किल्ल्यावर आला होता अशी भर पडते, ती मात्र खरी नाही. तो त्या वेळी इंग्लंडमध्येच होता आणि दोन महिन्यांनी ग्रहणाशिवायच त्यानं ती रेषा टिपली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. आज गिरवलीसारख्या ठिकाणी वर्णपट घेताना मध्ये मध्ये हेलियम-निऑनसारख्या दिव्याचाही वर्णपट घेतात. दिव्याच्या रेषा कुठं पडायला हव्यात हे पक्कं ठाऊक असतं, त्यावरून ताऱ्याच्या आलेखाची मोजपट्टी आखतात.

रेषा जागच्या जागी राहत नाहीत

आपल्याकडं येणाऱ्या वायूची रेषा किंचित निळ्याकडं सरकते, लांब जाणाऱ्याची लालकडं. वेग सेकंदाला ५०० किलोमीटर असेल तर ४८६.१ ची रेषा सुमारे ०.८ नॅनोमीटर सरकते. चांगल्या उपकरणाला एवढं पुरे.

जोडी तीन तासांत फिरते, म्हणून एकच लांबलचक वर्णपट घेऊन चालत नाही, सगळी हालचाल त्यात पुसून जाते. पाच-पाच मिनिटांचे छत्तीस-सदतीस वर्णपट घ्यायचे आणि एकाखाली एक मांडायचे. मग रेषा नागमोडी दिसते. नीट पाहिलं तर एकाच रेषेत दोन-तीन सर्पिणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक सडपातळ, थोडीच हलणारी. ती लाल ताऱ्याच्या, श्वेत बटूच्या किरणांनी भाजलेल्या बाजूवरून येते. दुसरी रुंद, दोन्हीकडं खूप लांबवर झेप घेणारी. ती पडत्या झोताची. साध्या सीव्हीत तबकडीचा निम्मा भाग आपल्याकडं येत असतो आणि निम्मा लांब जात असतो, त्यामुळे रेषेला दोन शिंगं फुटतात. पोलरमध्ये तबकडीच नाही, शिंगं कुठून येणार?

या नागमोडींवरून उलटं गणित करून वायू कुठल्या वेगानं कुठल्या दिशेला जातोय याचा नकाशा काढता येतो. १९८८ साली टॉम मार्श आणि कीथ हॉर्न यांनी ही पद्धत मांडली. सीटी स्कॅनमागचं गणितच इथं ताऱ्याला लावलंय. फरक एवढाच की स्कॅनमध्ये यंत्र फिरतं, इथं तारा स्वतः फिरून सगळ्या बाजू दाखवतो.

एवढ्या कमी वेळात पुरेसा प्रकाश हवा म्हणजे आरसा मोठा हवा. आयुका दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडच्या ‘साल्ट’ या दुर्बिणीत भागीदार आहे, तिचा आरसा ९१ तुकड्यांचा, सुमारे ११ मीटरचा. ‘साल्ट’चा पहिला विज्ञान-निबंध निघाला तोही एका पोलरवरच. त्यात ग्रहण होताना श्वेत बटूवरचे दोन तापलेले ध्रुव एकामागोमाग एक झाकले गेलेले वेगवेगळे दिसले.

चुंबकाचा पाढा

आता मुख्य प्रश्न. कोटी गॉस हा आकडा येतो कुठून?

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन रेषेभोवती गिरक्या घेतो. गिरकीचा वेग चुंबकाच्या ताकदीवर ठरतो आणि त्या वेगाच्या पटींत प्रकाश बाहेर पडतो. दुप्पट, तिप्पट, पाचपट, सहापट. त्यामुळे आलेखात सुळक्यांखेरीज रुंद, गोलसर उंचवटे उठतात. समजा असे उंचवटे ७१४, ५९५ आणि ५१० नॅनोमीटरला दिसले. ७१४ ला ५ नं गुणा, ५९५ ला ६ नं, ५१० ला ७ नं. तिन्ही वेळा ३,५७० येतं. म्हणजे हे पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पटीचे उंचवटे आहेत आणि मूळ तरंगलांबी ३,५७० नॅनोमीटर, जी डोळ्याला दिसतच नाही. एवढ्या तरंगलांबीला लागणारं क्षेत्र तीन कोटी गॉस. झालं मोजून. प्रत्यक्षात उंचवटे पसरट असतात, वायूचं तापमान आणि आपली बघण्याची दिशा यांप्रमाणे थोडे सरकतात, त्यामुळे गणित इतकं गुळगुळीत सुटत नाही, पण युक्ती हीच. १९७९ साली एन. विश्वनाथन आणि डी. टी. विक्रमसिंघे यांनी व्हीव्ही पपिस या पोलरमध्ये हे उंचवटे ओळखले आणि त्याचं क्षेत्र तीन कोटींच्या आसपास निघालं.

एएम हर्क्युलिसची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. हा तारा मॅक्स वोल्फनं १९२३ मध्येच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, म्हणून नोंदला होता. पन्नास वर्षं त्यात कुणाला विशेष काही दिसलं नाही. १९७६ मध्ये तो एका क्ष-किरण स्रोताच्या जागी सापडला, आणि त्याच वर्षी सांतियागो तापियानं त्याच्या प्रकाशाचं ध्रुवीभवन मोजलं. ध्रुवीभवन म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच पद्धतीनं थरथरणं, आणि ते इथं कुणाच्या कल्पनेपलीकडं निघालं. पोलर हे नाव त्यावरूनच पडलं. तेव्हा क्षेत्राचा अंदाज बांधला गेला वीस कोटी गॉस. पुढं उंचवटे आणि खालची दुसरी पद्धत यांनी तो दीड कोटीच्या आत आणला. पहिल्या अंदाजात दिसणारा प्रकाश मूळ पटीचा धरला होता, प्रत्यक्षात तो वरच्या पटींचा होता.

दुसरी पद्धत पीटर झीमनची, १८९६ सालची. चुंबकात ठेवलेल्या अणूची एक रेषा फुटून तिच्या अनेक होतात आणि त्यांच्यातलं अंतर चुंबकाची ताकद सांगतं. अडचण अशी की श्वेत बटूच्या पृष्ठभागावरच्या या रेषा वायूच्या झगमगाटात बुडून जातात. पण लाल तारा मधूनच वायू सोडायचं थांबवतो. त्याच्यावरचे डाग नेमके त्या टोकापाशी आले की असं होत असावं. साध्या सीव्हीत तबकडीचा साठा काही काळ पुरतो. पोलरकडं साठाच नाही, आवक थांबली की तारा लगेच मंदावतो आणि श्वेत बटू उघडा पडतो. झीमनच्या रेषा तेव्हा टिपायच्या.

एवढ्या चुंबकाचा आपल्याला धोका?

काडीचाही नाही. असं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. एएम हर्क्युलिसचा श्वेत बटू सूर्याच्या जागी आणून ठेवला, तरी पृथ्वीपाशी त्याचं क्षेत्र आपल्या होकायंत्राला हलवणाऱ्या क्षेत्राच्या लाखाव्या भागाहूनही कमी भरेल.

मग हे चुंबक आले कुठून?

इथं अजून भांडण चालू आहे, आणि मला हाच भाग सगळ्यात रंगतदार वाटतो. २०२० मध्ये ‘गाया’ उपग्रहाच्या अंतरमोजणीवरून सुमारे ४९० प्रकाशवर्षांच्या आतले सीव्ही मोजले गेले. निघाले ४२, आणि त्यातले ३६ टक्के चुंबकीय. एकट्या राहणाऱ्या श्वेत बटूंमध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे. त्याहून चमत्कारिक म्हणजे, ज्या जोड्यांत वायूची देवघेव अजून सुरू व्हायची आहे त्यांत चुंबकीय श्वेत बटू फारच थोडे सापडतात. म्हणजे चुंबक जन्मतः नसावा, मागाहून येत असावा.

२०२१ मध्ये मथियास श्रायबर आणि सहकाऱ्यांनी एक उत्तर सुचवलं. श्वेत बटू थंड होताना त्याचा गाभा स्फटिकासारखा गोठायला लागतो. त्याच काळात जोडीदाराच्या वायूनं त्याची गिरकी वाढलेली असेल, तर गोठत्या गाभ्याभोवतीच्या ढवळणीतून डायनॅमोसारखं क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं क्षेत्रही तिच्या गाभ्यातल्या अशाच ढवळणीतून येतं. कल्पना आकर्षक आहे, पण कोटी-कोटी गॉस त्यातून निघतात का, यावर एकमत नाही. निकाल लागायचा तर आणखी ताऱ्यांचे वर्णपट हवेत, विशेषतः देवघेव सुरू व्हायच्या उंबरठ्यावरच्या जोड्यांचे.

पुण्यातून काही करता येतं का?

अडचणी खऱ्या आहेत. एएम हर्क्युलिस मध्यरात्री सगळ्यात उंच येतो तो जूनच्या शेवटी, आपल्याकडं ऐन पावसात. मार्च ते मे या महिन्यांत उत्तररात्री जागूनच काम उरकावं लागतं. शहरातले दिवे ही दुसरी कटकट. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मोजक्या रेषांत असायचा, तेवढ्या वगळल्या की काम भागायचं. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटभर पसरतो, तो वगळणं कठीण.

वर्णपट मोठ्या दुर्बिणीचं काम असलं तरी नुसती तेजस्विता मोजायला घरची दुर्बीण आणि कॅमेरा चालतो. एएम हर्क्युलिस जोरात असतो तेव्हा बाराव्या-तेराव्या प्रतीचा असतो, मंदावला की पंधराव्यापर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). शहराबाहेर आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा लावून हा फरक टिपता येतो. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षक घडवतेय, सुरुवात तिथून करता येईल. केलेल्या नोंदी अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या १९११ साली स्थापन झालेल्या संस्थेकडं कुणालाही पाठवता येतात. हे तारे कधी मंदावतील याचं वेळापत्रक कुणाकडंच नसल्यामुळे झीमनच्या रेषा शोधणारे संशोधक अशा नोंदींवर नजर ठेवून असतात आणि तारा उतरणीला लागल्याचं दिसलं की मोठ्या दुर्बिणीवर तातडीनं वेळ मागतात.